स्टिकर शेवटी वाचा: बदल झालेली जुनी टूरिंग सायकल ओळखताना

डर्बीजवळच्या एका रविवारच्या कार-बूट बाजारात, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तिथे, मी एक गडद हिरवी टूरिंग सायकल घेतली. तिरक्या नळीवर ‘डॉज सुपर गॅलक्सी’, सीटखालच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ एसटीचं स्टिकर, ब्रूक्सची कातडी सीट, मागे दणकट कॅरिअर. विकणाऱ्याने सांगितलं, “ऐंशीच्या दशकातली आहे, सगळं मूळचं.” तो खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. त्याला जसं सांगितलं गेलं तसंच त्याने मला सांगितलं. पण घरी आणून सीट काढली तेव्हा नळीच्या तोंडाशी हिरव्याच्या आत निळा रंग दिसला, आणि निळ्याच्याही आत लालसर तपकिरी. तिथून पुढचे तीन महिने मी ही सायकल वाचत होतो.

ब्रिटनमध्ये राहणारे, किंवा इथून जुनी सायकल घेऊन पुण्या-मुंबईला नेणारे बरेच मराठी सायकलवाले मला विचारतात की सायकल नक्की कोणती आहे हे कळतं कसं. हा लेख त्यांच्यासाठी. उदाहरणं मुख्यतः इंग्लंडमधली आहेत, कारण अशा सायकली इथे घरोघरी पडून आहेत. सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब १८७८ मध्ये हॅरोगेटला स्थापन झाला. सामान लादून आठ-आठ दिवस भटकायची हौस या देशात तेव्हापासूनची आहे आणि सायकली त्या हौसेप्रमाणे बदलत गेल्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. बदल झालेल्या सायकलीला एक वय नसतं. फ्रेमचं वय वेगळं, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचं वेगळं असू शकतं, चाकांचं वेगळं, रंगाचं तर हमखास वेगळं. “ही कुठली सायकल?” या प्रश्नाने सुरुवात केली की माणूस स्टिकर वाचतो आणि थांबतो. प्रत्येक तुकड्याला “तू केव्हाचा?” असं वेगवेगळं विचारायचं. उत्तरं जुळली तर उत्तम. नाही जुळली तर ती कुठे जुळत नाहीत तिथेच सायकलीचा इतिहास सापडतो.

काही उघडण्याआधी

पाना हातात घेऊ नका. आधी फोटो काढा. दोन्ही बाजूंनी, समोरून, मागून, आणि खालून. केबल कुठून कशा गेल्या आहेत, कॅरिअरचे स्क्रू कुठल्या भोकात आहेत, ब्रेकचे रबर खाचेत किती वर-खाली आहेत, हे सगळं फोटोत यायला हवं. एकदा रबर हलवले की तो पुरावा गेला. ते का महत्त्वाचं, ते पुढे सांगतो.

दुसरं काम फ्रेम नंबर शोधून सायकल चोरीची नाही ना हे पाहण्याचं. ब्रिटनमध्ये बाइकरजिस्टरच्या नोंदवहीत नंबर टाकून हे तपासता येतं. शक्य असेल तर पैसे देण्याआधीच तपासा. नंबर कानशीने घासलेला दिसला तर सायकल कितीही देखणी असो, घेऊ नका.

हत्यारं फार लागत नाहीत: व्हर्नियर कॅलिपर, स्टीलची पट्टी, मोजपट्टी, बारीक झोताची टॉर्च, लोहचुंबक, दोन-तीन मीटर बारीक दोरा आणि वही. आटे मोजायचं गेज असेल तर फारच बरं.

नंबर

सायकल उलटी केली की बहुतेक वेळा बॉटम ब्रॅकेटच्या पोटावर नंबर सापडतो. ज्या आडव्या नळीत पॅडलचा आस फिरतो ती ही नळी. आपले मिस्त्री तिला नुसतं बीबी म्हणतात. तिथे नसेल तर मागच्या ड्रॉपआउटवर, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचेच्या पट्टीवर पाहा. नाहीतर सीटच्या सांध्यावर. रंगाच्या थराखाली आकडे बुजलेले असतात. खरवडू नका. खोली अंधारी करा आणि टॉर्च नळीला जवळजवळ टेकवून आडवा झोत टाका, खळगे सावलीने उठून दिसतात. तरीही वाचता आले नाहीत तर पातळ कागद ठेवून पेन्सिलची बाजू घासा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून छाप काढायचो, तसंच.

नंबरवरून लगेच वर्ष कळेल अशी आशा ठेवू नका. सगळ्या कारखान्यांची मिळून एक पद्धत कधीच नव्हती. प्रत्येकाची वेगळी होती, काहींनी ती मधेच बदलली, आणि लहान कारागिरांच्या वह्या अनेकदा नाहीशा झाल्या. नंबराचा पहिला उपयोग वेगळाच आहे. हँडलचा सांधा उघडून चिमटा खाली काढा आणि त्याच्या वरच्या दांडीवर, म्हणजे फ्रेमच्या तोंडात लपणाऱ्या भागावर, नंबर आहे का पाहा. बऱ्याच ब्रिटिश कारागिरांनी फ्रेमचाच नंबर तिथेही ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर फ्रेम आणि चिमटा जन्मापासून सोबत आहेत. माझ्या सायकलीत जुळले, आणि त्या रात्री मला शांत झोप लागली. चिमटा बदललेला असणं म्हणजे बहुधा समोरून टक्कर झालेली असणं, आणि मग फ्रेमही संशयात येते.

मुळात टूरिंगचीच आहे का

हे फक्त मापांनी ठरतं. बीबीच्या मध्यापासून मागच्या आसाच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. शर्यतीच्या फ्रेमला ते साधारण ४० ते ४२ सेंटिमीटर असतं, टूरिंगला ४३ पासून ४६ पर्यंत. हे अंतर लांब ठेवण्याचं कारण सोपं आहे: मागे पिशव्या लटकवल्या की पॅडल मारताना टाच पिशवीला लागू नये. चिमट्याचा पुढचा बाक टूरिंगमध्ये जास्त असतो, चाक आणि फ्रेम यांच्यात मडगार्डला जागा असते आणि ड्रॉपआउटवर मडगार्ड-कॅरिअरसाठी आट्यांची भोकं असतात, बऱ्याचदा दोन-दोन.

इथे फसायला होतं ते क्लबच्या सायकलींमुळे. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये कामगार वर्गातल्या माणसाकडे एकच चांगली सायकल असे. तीच आठवडाभर कामाला, रविवारी क्लबच्या फेरीला, मडगार्ड काढून वेळेच्या शर्यतीला आणि सुट्टीत वेल्सच्या डोंगरात. त्यामुळे चाळीस ते सत्तरच्या दशकांतली बरीचशी उत्तम फ्रेम अधल्यामधल्या मापाची आहे. तिला पुढे कोणी पूर्ण टूरिंगची करून घेतली असेल तर ती बनावट ठरत नाही. गिऱ्हाइकाची गरज बदलली, कारागिराने ती भागवली. मला तर अशाच सायकली सगळ्यात जास्त आवडतात.

नळ्या

रेनॉल्ड्स कंपनी बर्मिंगहॅमची. टोकांना जाड आणि मध्ये पातळ नळी ओढण्याचं पेटंट तिने १८९७ मध्ये घेतलं, आणि मँगनीज-मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूची ५३१ नळी १९३५ मध्ये बाजारात आणली. पुढची चाळीसेक वर्षं चांगली ब्रिटिश सायकल म्हणजे ५३१ असंच समीकरण होतं. म्हणूनच ५३१ चं स्टिकर जितकं विश्वासाचं, तितकंच ते नंतर चिकटवलं जाण्याची शक्यता जास्त. नवी छापलेली जुन्या नमुन्याची स्टिकरं सहज विकत मिळतात. एसटी ही अक्षरं ‘स्पेशल टूरिस्ट’साठी, आणि ही विभागणी ऐंशीच्या दशकातली. फ्रेम त्याआधीची ठरली तर ते स्टिकर तिचं नव्हे.

नळीबद्दल जास्त विश्वासाचा साक्षीदार सीटपोस्ट आहे, म्हणजे सीट ज्या दांडीवर बसते ती. तो बाहेर काढा आणि व्यास मोजा. त्यावर आकडा कोरलेला असेल तरी मोजाच. इंग्रजी मापाच्या सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर असतो. त्यात २७.२ चा सीटपोस्ट सुरळीत बसत असेल तर नळीची भिंत पातळ आहे, म्हणजे फ्रेम वरच्या दर्जाची आहे. २६ च्या आसपासचा बसत असेल तर भिंत जाड, नळी साधी. फ्रेंच मापाची नळी बाहेरून २८.० ची असते आणि तिच्यात बहुधा २६.४ चा पोस्ट सापडतो. मात्र आधीच्या मालकाने चुकीचा पोस्ट कोंबलेला असू शकतो. सीटच्या सांध्याचे दोन कान एकमेकांकडे वाकून चिकटले असतील तर पोस्ट बारीक आहे असं समजा, आणि नळीचं तोंड आतून मोजा.

पोस्ट निघतच नसेल तर हातोडा उचलू नका. स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं राहिला की दोन्ही धातू एकमेकांत रुजतात. सायकल उलटी टांगा, बीबीच्या बाजूने आत शिरणारं तेल सोडा, रोज थोडं, आठवडाभर. मग सीट लावून हळूहळू पिळा.

नळीवर टिचकी मारून आवाजावरून दर्जा सांगणारे लोक भेटतील. मी त्यावर विसंबत नाही. चुंबक मात्र लावून पाहा. तो चिकटला नाही तर फ्रेम स्टीलची नाही आणि या लेखातलं बरंचसं तिला लागू नाही.

आटे: इथे घाई नको

सायकल कुठल्या देशातली, हे सगळ्यात नक्की सांगणारी जागा म्हणजे बीबीचे आटे. रंग बदलता येतो, स्टिकर बदलता येतं, पण आटे बदलायला फ्रेम पुन्हा कापावी लागते आणि ते क्वचितच कोणी करतं.

प्रथम नळीची रुंदी मोजा. ६८ मिलिमीटर भरली तर इंग्रजी, फ्रेंच किंवा स्विस. ७० भरली तर बहुधा इटालियन. ७१ किंवा ७६ भरली तर रॅली कंपनीचं स्वतःचं माप. मग कप, म्हणजे आसाचे छर्रे धरणाऱ्या आट्यांच्या दोन वाट्या, बाहेर काढा. बऱ्याच कपांच्या तोंडावरच आकडे कोरलेले असतात. १.३७० × २४ म्हणजे इंग्रजी: व्यास १.३७० इंच, इंचाला २४ आटे, आणि चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा, म्हणजे उलट फिरवला की घट्ट होणारा. ३६ × २४ म्हणजे इटालियन, दोन्ही बाजू सुलट्या. ३५ × १ म्हणजे फ्रेंच किंवा स्विस: व्यास ३५ मिलिमीटर, आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर. त्यातही फ्रेंच दोन्ही बाजूंना सुलटे, तर स्विस चेनच्या बाजूला उलटे. मोटोबेकानच्या सायकलींत स्विस आटे भेटतात. फ्रेंच कंपन्या ऐंशीच्या दशकात इंग्रजी मापाकडे वळल्या, त्यामुळे नव्या प्यूजोला इंग्रजी आटे असतील तर आश्चर्य वाटायला नको.

धोका नीट लक्षात घ्या. इंग्रजी १.३७० इंच म्हणजे ३४.८ मिलिमीटर. फ्रेंच ३५. फरक ०.२ चा. इंग्रजी कप फ्रेंच नळीत एखाद-दोन फेरे जातो, मग अडतो, आणि जोर लावला की आटे कायमचे मरतात. गेज नसेल तर माहीत असलेला कप आणि अनोळखी कप यांचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा. जुळत असतील तर फट दिसत नाही. चार-पाच आट्यांनंतर उजेड झिरपायला लागला तर मापं वेगळी आहेत. आणि कप सैल करताना चेनच्या बाजूचा हलत नसेल तर जोर वाढवण्याआधी दिशा बदलून पाहा. उलटे-सुलटे न पाहता लांब दांडीच्या पान्याने जोर लावून फुटलेले कप मी पाहिले आहेत.

रॅलीचा प्रकार आपल्याला जवळचा आहे. नॉटिंगहॅमच्या मोठ्या कारखान्यात इंचाला २६ आट्यांचं स्वतःचं माप चाले, बीबीलाही आणि हँडलच्या सांध्यालाही. कार्लटन ही वर्कसॉपची कंपनी रॅलीने १९६० मध्ये घेतली आणि तिथल्या हलक्या, वरच्या दर्जाच्या फ्रेमना २४ आटे असत. म्हणजे रॅली नाव असलेल्या दोन सायकली केवळ आट्यांवरून वेगळ्या काढता येतात.

पॅडल आणि हँडलही साक्ष देतात. इंग्रजी पॅडलचे आटे ९/१६ इंचाचे, जुने फ्रेंच १४ मिलिमीटरचे. पॅडलवर डी आणि जी अशी अक्षरं असतील तर तो फ्रेंच माल: द्र्वात म्हणजे उजवा, गोश म्हणजे डावा. हँडलच्या दांडीचा फ्रेममध्ये जाणारा भाग इंग्रजी मापात २२.२, फ्रेंचमध्ये २२.०. पण हे भाग सहज बदलले जातात. बीबीची साक्ष आधी, यांची नंतर.

माझ्या फ्रेमचे आटे इंग्रजी, रुंदी ६८, सीटपोस्ट २७.२. फ्रेम बहुधा ब्रिटिश आणि चांगल्या नळ्यांची आहे, इतकं या तीन मापांनी सांगितलं. जपानी टूरिंग सायकलींनाही इंग्रजी आटे असतात, म्हणून आणखी पुरावा हवा होता. तो चिमट्याच्या उजव्या पात्यावर मिळाला: दिवा अडकवायचा झाळलेला खुंट. ही जुनी ब्रिटिश सवय आहे.

सांधे, खुंट आणि रंगाखालचा रंग

नळ्यांच्या सांध्यांवर ज्या स्टीलच्या टोप्या असतात त्यांना लग म्हणतात. नक्षीदार, वेलांटीसारख्या वळणांचे लग दिसले तर ते फ्रान्सच्या नर्व्हेक्स प्रोफेशनल प्रकारचे असू शकतात. ते अनेक ब्रिटिश कारागीर वापरत, म्हणून त्यावरून बनवणारा ठरत नाही. कडा किती बारीक कानसल्या आहेत यावरून हात मात्र कळतो. मागचे ड्रॉपआउट पाहा: ठोकून घडवलेले आणि कॅम्पॅग्नोलोसारख्या इटालियन कंपनीचं नाव उठवलेले असतील तर फ्रेम महागाची, सपाट पत्र्यातून कापलेले असतील तर स्वस्तातली.

जुन्या फ्रेमना गिअरचे लीव्हर, केबलचे थांबे, पाण्याची बाटली असं सगळं पट्ट्यांनी आवळून बसवत. पुढे ते सगळं नळीवरच झाळायला लागले. म्हणून झाळलेले खुंट मोजा आणि प्रत्येकाकडे संशयाने पाहा: हा मूळचा की नंतरचा? मूळचा खुंट एकाच हाताचा असतो, पितळ सगळीकडे सारखं वाहिलेलं. नंतरच्या खुंटाभोवती पितळेचा ढेकूळ राहतो किंवा नळीवर कानशीचे ओरखडे दिसतात, आणि बोट फिरवलं तर रंगाखाली उंचवटा लागतो. त्याच वेळी शेजारी जुन्या पट्टीचा गोल वळ असेल, म्हणजे तिथे पूर्वी पट्टी आवळलेली होती, तर बदल सिद्ध झाला.

माझ्या सायकलीला कॅन्टिलिव्हर ब्रेकचे खुंट होते, पुढे चिमट्यावर आणि मागच्या वरच्या नळ्यांवर. या ब्रेकचे दोन हात चाकाच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या खुंटांवर फिरतात. मागच्या दोन नळ्या जोडणाऱ्या आडव्या पुलाला मधोमध भोक होतं. मडगार्डसाठी असेल असं आधी वाटलं. आडव्या उजेडात त्या भोकाभोवती वॉशरचा खोल वळ दिसला, वरचा हिरवा रंगही त्यात उतरलेला. तिथे पूर्वी वर्षानुवर्षं साधा ब्रेक घट्ट आवळलेला होता. म्हणजे कॅन्टिलिव्हर नंतरचे. काम मात्र इतकं सफाईचं की ते घरगुती नव्हे, फ्रेम बनवणाऱ्या कुणाच्या तरी हातचं आहे.

रंगाचे थर मोजायची पद्धत अशी. बीबीच्या पोटाजवळ, नंबरापासून दूर, कुणाला दिसणार नाही अशी नखाएवढी जागा निवडा. हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून तिथे गोल गोल घासा. खड्डा उथळ झाला पाहिजे. थर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे एकाबाहेर एक उलगडतात. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासू नका, मास्क लावा, आणि हात धुतल्याशिवाय चहाला बसू नका. माझ्याकडे आतून बाहेर असा क्रम निघाला: तपकिरी प्रायमर, निळा, पांढरा प्रायमर, हिरवा. कॅन्टिलिव्हरच्या खुंटाच्या मुळाशीही तसंच घासून पाहिलं. तिथे निळा नव्हताच. झाळण्याआधी तो काढला गेला होता, आणि हिरवा रंग त्या कामानंतर लगेच दिला गेला.

पावडर कोटिंग केलेली फ्रेम असेल तर हा अभ्यास कठीण जातो. तो थर जाड असतो, लगच्या कडा आणि नंबर दोन्ही बुजवतो. त्याआधी फ्रेम बहुधा वाळूच्या माऱ्याने साफ केलेली असते, त्यामुळे खाली काही उरतही नाही.

चाकं, ब्रेक आणि मागची रुंदी

ब्रिटिश टूरिंग सायकलींचं जुनं चाक २७ इंची. आकड्यांवर जाऊ नका, टायरवर छापलेलं मिलिमीटरचं माप वाचा: २७ इंचीला ६३०, नव्या ७००सीला ६२२, तीन गिअरच्या साध्या सायकलीच्या २६ × १ ३/८ ला ५९०. आपल्याकडच्या काळ्या उभ्या सायकलीचं २८ × १ १/२ म्हणजे ६३५. २८ इंची म्हणून भारतातून टायर मागवला आणि बसला नाही, अशी तक्रार यामुळेच येते.

६३० आणि ६२२ यांच्या त्रिज्येत फरक ४ मिलिमीटरचा. म्हणूनच सुरुवातीला ब्रेकच्या रबरांचा फोटो काढायला सांगितलं. चाक ७००सीचं आहे, ब्रेक जुने लांब हातांचे आहेत आणि रबर खाचेत अगदी तळाला ओढलेले आहेत, तर ती फ्रेम बहुतेक २७ इंचीसाठी बनलेली आहे. असा बदल चांगला आहे. ७००सीचे टायर सगळीकडे मिळतात, आणि जुन्या क्रोमच्या स्टील रिमपेक्षा ॲल्युमिनियमची रिम पावसात कितीतरी चांगली थांबते.

मग मागचं चाक काढून दोन ड्रॉपआउटमधलं आतलं अंतर मोजा. पाच गिअरच्या काळात ते १२० मिलिमीटर असे, सहा-सात गिअरला १२६, आठपासून पुढे रस्त्याच्या सायकलीला १३०, डोंगरी सायकलीला १३५. स्टीलची फ्रेम थंड असतानाच हळूहळू फाकवून १२० ची १२६ करता येते आणि अनेकांनी ती करून घेतली. नीट केली असेल तर दोन्ही ड्रॉपआउट समांतर राहतात. नुसती फाकवून सोडली असेल तर ते एकमेकांकडे तिरके पाहतात, आस वाकतो, आणि पुढे कधीतरी तुटतो.

सुट्या भागांच्या तारखा

शिमानोच्या भागांमागे दोन अक्षरं कोरलेली असतात. पहिलं वर्षाचं: ए म्हणजे १९७६, बी १९७७, असं झेड म्हणजे २००१ पर्यंत, आणि मग पुन्हा ए पासून. दुसरं महिन्याचं: ए जानेवारी, एल डिसेंबर. अक्षरांची फेरी दुसऱ्यांदा सुरू झाल्यामुळे सी म्हणजे १९७८ की २००४, हे भागाच्या रूपावरून ठरवायचं. स्टर्मी-आर्चरच्या हबवर वर्षाचे दोन आकडे आणि बऱ्याचदा महिनाही असतो. कॅम्पॅग्नोलोच्या जुन्या ‘रेकॉर्ड’ डिरेलरवर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागावर, ‘पेटंट’ शब्दापुढे दोन आकडे असतील तर तो साधारण त्या वर्षाच्या आसपासचा. गिअरचा लीव्हर टक-टक असा ठरावीक जागी थांबत असेल तर तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतरचा, कारण शिमानोने तशी पद्धत १९८४ मध्ये ड्युरा-एस या आपल्या वरच्या मालिकेवर आणली आणि मग ती खालच्या मालिकांत उतरली.

क्रँकवर, म्हणजे पॅडलच्या दांडीवर, तारीख नसेल तर चेनव्हीलचे (पुढच्या दातेरी चक्राचे) बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास मोजा. टीए या फ्रेंच कंपनीच्या सायक्लोटूरिस्ट क्रँकचं वर्तुळ ५०.४ मिलिमीटर इतकं लहान असतं, कॅम्पॅग्नोलोच्या शर्यतीच्या क्रँकचं १४४, तीन चेनव्हीलांच्या जपानी टूरिंग क्रँकचं ११० आणि ७४. क्रँक काढण्याआधी त्याच्या तोंडाचे आटेही तपासा. नेहमीचा ओढणारा पाना २२ मिलिमीटरचा, टीएला २३, जुन्या स्ट्राँगलाइटला २३.३५. चुकीचा पाना लावला की क्रँकचे आटे उपटून येतात.

या तारखा कशा वाचायच्या, ते इथे महत्त्वाचं. भागाची तारीख फ्रेमची तारीख सांगत नाही. ती एवढंच सांगते की हा भाग त्याआधी बसवलेला असणं शक्य नाही. माझ्या क्रँकवर केई निघालं: मे १९८६. मागचा डिरेलर आणि कॅन्टिलिव्हर ब्रेक त्याच्या एक-दोन महिने आगेमागे. तीन भाग इतके जवळ आले, म्हणजे सगळं काम एकदमच झालं. एकट्या भागावरून मी असं म्हटलं नसतं.

चालवण्याआधी

सायकल ओळखणं आणि ती सुरक्षित आहे हे कळणं, ही दोन वेगळी कामं. तिरक्या आणि आडव्या नळीच्या खालच्या बाजूने, तोंडापासून चार-पाच सेंटिमीटर मागे, बोट फिरवा. लाटेसारखी घडी लागली तर फ्रेम कधीतरी समोरून धडकली आहे. चिमट्याच्या पात्यांचा वरचा सरळ भाग बाजूने पाहिला तर फ्रेमच्या तोंडाच्या नळीच्या रेषेत असायला हवा. मागे झुकलेला असेल तर तो वाकलाय.

मग दोरा. मागच्या एका ड्रॉपआउटला बांधा, पुढे तोंडाच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर फ्रेमच्या कारागिराकडे न्या. नंतर झाळलेल्या प्रत्येक खुंटाच्या मुळाशी केसाएवढी चीर नाही ना, हे भिंगातून पाहा. सामान लादून उतारावर ब्रेक दाबला की सगळा ताण तिथेच येतो.

नाव शोधताना

नाव सगळ्यात शेवटी. इथे आणखी एक अडचण येते. ब्रिटिश सायकलींची नावं विकली गेली आहेत. क्लॉड बटलर हे लंडनमधल्या एका कारागिराचं नाव. त्याचा धंदा पन्नासच्या दशकात बुडाला, नाव होल्ड्सवर्थकडे गेलं, नंतर फाल्कनकडे. तीन काळांतल्या तीन ‘क्लॉड बटलर’ सायकलींमध्ये नावाशिवाय काहीच सारखं नसू शकतं. डॉज ही बर्मिंगहॅमची, १९२६ पासूनची कंपनी, आणि तिची गॅलक्सी १९७१ मध्ये आली. दुकानातून तयार टूरिंग सायकल घेता येणं हे तेव्हा अप्रूप होतं. त्याआधी बहुतेक लोक फ्रेम बनवून घेत आणि बाकीचं जमवत. म्हणूनच जुन्या फ्रेमवर गॅलक्सीचं स्टिकर चिकटवायचा मोह होतो, ते नाव सगळ्यांना माहीत आहे.

तोंडाच्या नळीवर जुन्या बिल्ल्याची रिव्हेटची भोकं असतील तर त्यांच्यातलं अंतर लिहून ठेवा, बिल्ला जुळवायला कामी येतं. टूरिंग क्लबचा पंखवाल्या चाकाचा बिल्ला सापडला तर तो मालकाचा असतो, बनवणाऱ्याचा नव्हे. मग मापं, नंबर, फोटो घेऊन व्हेटरन-सायकल क्लबकडे जा. हा क्लब १९५५ पासूनचा आहे आणि तिथे एकेका कंपनीचा अभ्यास करणारी माणसं आहेत. जुन्या कागदपत्रांसाठी वॉरिक विद्यापीठात नॅशनल सायकल अर्काइव्ह आहे. विचारताना “ही कोणती?” असं विचारू नका. “इंग्रजी आटे, २७.२, मागे मूळची रुंदी १२०, नंबर असा, लगचा फोटो हा” असं लिहा. उत्तर देणाऱ्याचे कष्ट वाचतात आणि उत्तरही लवकर येतं.

माझ्या सायकलीचा निकाल असा लागला. फ्रेम आणि चिमटा एकाच जन्माचे, ब्रिटिश, हाताने बनवलेले, साठच्या दशकाचा शेवट ते सत्तरच्या दशकाची सुरुवात, मूळ रंग निळा, चाकं २७ इंची, पाच गिअर. १९८६ च्या उन्हाळ्यात किंवा त्यानंतर लवकरच कुणीतरी ती जाणत्या कारागिराकडे नेली, कॅन्टिलिव्हरचे खुंट झाळून घेतले, मागची रुंदी १२६ केली, ७००सी चाकं आणि तीन चेनव्हील लावली, हिरवा रंग दिला. डॉजचं आणि ५३१ एसटीचं स्टिकर रंगावरच्या लॅकरच्याही वर चिकटवलेलं आहे, म्हणजे तेही नंतरचं.

ती पुन्हा निळी करून १९७० सारखी करायची का, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. मी करणार नाही. ज्याने ती १९८६ मध्ये बदलून घेतली त्याला त्या सायकलीवर खूप दूर जायचं होतं, आणि बदल त्याने विचार करून केलेत. मी फक्त स्टिकरं काढली, केबल आणि ब्रेकचे रबर बदलले, बीबीत नवे छर्रे आणि ग्रीस भरलं.

तुमची सायकल वाचून झाली की सगळी मापं एका कागदावर लिहा: तारीख, काय सापडलं, तुम्ही स्वतः काय बदललं. कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सीटच्या नळीत, सीटपोस्टच्या खाली सोडा. पिशवी बीबीच्या आसात अडकणार नाही इतकी वर राहील असं पाहा, दोऱ्याने पोस्टच्या तळाला बांधली तर उत्तम. माझ्या कागदावर ‘बनवणारा’ या शब्दापुढची जागा मी मोकळी सोडली आहे.